दारातून न जाणारी ढोली

कार्तिक सरत आला की वैनगंगेचा पूल ओलांडताना मी गाडीची काच खाली करते. पूर्वी ड्रायव्हर आरशातून बघायचा, आता त्यालाही सवय झाली आहे. पुलापलीकडे धानाच्या बांध्या सुरू होतात, अर्ध्या कापलेल्या, अर्ध्या उभ्या. कापून पसरलेल्या धानावर ऊन पडलं की एक वास येतो. थोडा गवताचा, थोडा ओल्या मातीचा, थोडा पेजेचा. घरं सजवणाऱ्या लोकांचं वर्ष दसरा-दिवाळीच्या रंगकामाने सुरू होतं. माझं या वासाने सुरू होतं, आणि त्याला कारण एक ढोली आहे.

गेल्या आठवड्यात विमलबाईंचा फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. "बाई, ढोली कापाची हाये. तू येजो." मी काही बोलायच्या आत फोन बंद. मी खूप वेळ हसत बसले आणि मग लक्षात आलं की डोळेही भरून आलेत. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, साइट कोणती?" म्हटलं, "जुनीच."

ज्यांनी ढोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणमातीने सारवलेली, माणसाच्या उंचीहून मोठी, पोट सुटलेल्या गृहस्थासारखी घरात उभी असते ती धानाची ढोली. वरून धान ओतायचे. खाली एक भोक असतं, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की हवे तेवढे धान टोपलीत येतात. चामोर्शीच्या बाजूला धान पिकवणाऱ्या घरात देवघर कुठे आहे हे एखादे वेळी शोधावं लागेल, ढोली शोधावी लागत नाही. मला मात्र ती दिसूनही दिसली नव्हती.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. नागपूरहून इंटीरियरचा डिप्लोमा घेऊन मी चंद्रपूरला परतले होते आणि माझा धंदा काय हे घरात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची की पोरगी ड्रॉइंग शिकली. बाबा म्हणायचे, "लोकांच्या घरातलं सामान इकडचं तिकडे करते, आणि आपल्या घरातलं जिथल्या तिथे ठेवत नाही." त्या काळी आमच्याकडच्या घरांची सजावट ठरलेली होती आणि त्यात माझी कोणालाच गरज नव्हती. शोकेस, शोकेसमध्ये मान डोलवणारी बाहुली, प्लास्टिकची द्राक्षं, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. फ्रिज हॉलमध्येच, कारण तो स्वयंपाकघरात ठेवला तर पाहुण्यांना कसा दिसणार? आणि प्रत्येक खिडकीत कूलर. मी शेड कार्ड घेऊन "या भिंतीला थोडा गडद रंग देऊ" म्हणायचे आणि घरची बाई म्हणायची, "ते राहू द्या, कूलरचं पाणी तिथंच गळते."

पहिलं बरं काम मिळालं ते गडचांदूरला, सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये. मी तिथे मलईच्या रंगाचे पडदे लावले. काय सुंदर दिसले. आठ दिवसांनी गेले तर पडदे राखाडी, टेबल राखाडी, कुंडीतल्या मनीप्लँटची पानंसुद्धा राखाडी. घरची बाई शांतपणे म्हणाली, "आम्ही इथं राखाडीच घेतो मॅडम. पहिल्यापासूनच मळलेलं बरं." मी वहीत लिहून ठेवलं, गडचांदूर, हलके रंग नाहीत. तेव्हा मला वाटायचं की आमच्या कामात चुका होतात त्या रंगात होतात.

त्याच कॉलनीत प्रशांत राहायचा. कारखान्यात मशीनवर होता, चामोर्शीजवळच्या एका खेड्यातला. त्याने ते घर पाहिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, माझ्या गावच्या घराला असा हॉल करून द्या." त्याची सोयरीक जुळत होती. मुलगी नागपूरची, आणि मुलीकडची माणसं मंडईला गावी येणार होती. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा. नाटकं असतात, पाहुणे असतात, निम्म्या सोयरिकी तिथेच पक्क्या होतात. "नागपूरची लोकं आहेत," प्रशांत म्हणाला, "त्यांना असं वाटलं पाहिजे की..." पुढे त्याला सांगता येईना. मला मात्र ते बरोबर कळलं. मीही नागपूरहून तेच अर्धं वाक्य घेऊन परतले होते.

सुतार म्हणून मी सादिकभाईंना घेतलं. चंद्रपूरचे जुने कारागीर, तेव्हा पन्नाशीचे. आलापल्लीच्या सागवानावर सनमायका लावायचा म्हटलं की त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा व्हायचा. "मॅडम, एवढ्या चांगल्या लाकडाले कागद चिपकवाचा?" म्हणायचे आणि चिपकवायचे. त्यांची एक सवय मला फार छळायची. करवत लावण्याआधी ते घरमालकाला तीनदा विचारत. "कापू?" हो. "कापू ना?" हो. आणि तिसऱ्यांदा नुसतं बघत. एकदा वैतागून मी कारण विचारलं. म्हणाले, "एका घरी मी दिवाण चार बोटं कमी कापला होता. त्या आजोबाचे पाय बाहेर येत होते. मरेपर्यंत बाहेरच होते, मॅडम. मी त्या गल्लीतून जातच नाई आता."

प्रशांतची आई म्हणजे विमलबाई. नवरा गेला तेव्हा प्रशांत शाळेत होता. तेव्हापासून चार एकर धानाची शेती एकट्या बाईने सांभाळली, आणि पोराला आयटीआयही करवलं. अंगाने बारीक, बोलणं मोजकं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून विचारलं, "शिवनकाम करते का व तू?" मी म्हटलं, "नाही, घर सजवते." "मंग कर बापा," म्हणाल्या, "मी चालली वावरात. कापनी हाये." कापणीच्या दिवसांत त्या गावात दिवसा कोणी भेटतच नसे. कुत्री आणि कोंबड्या. सगळं गाव बांध्यांमध्ये वाकलेलं. आज वाटतं, घरात नाही म्हणणारं कोणीच नसेल असे वर्षातले तेवढेच दिवस, आणि मी नेमके तेच निवडले होते.

पुढची खोली जुनी होती. प्रशांतने उन्हाळ्यात भिंतींना सिमेंट करून घेतलं होतं, फरशी टाकली होती. खोलीच्या मधोमध ढोली उभी होती आणि फरशीवाल्याने तिच्याभोवतीच्या फरशा गोलाकार कापून बसवल्या होत्या. मी त्याचं कौतुक केलं आणि लगेच कागदावर त्या जागी एल आकाराचा सोफा काढला. भिंतीला पीच रंग. समोर शोकेस. दाराला सागवानी चौकट, तिच्यावर कोरलेली वेल. चौकटीचं चित्र मी तीन रात्री खपून काढलं होतं आणि ते मी भेटेल त्याला दाखवत असे. ढोली मागच्या खोलीत न्यायची असं ठरलं. पण ती हलेना. हलली तरी कुठून नेणार, दारापेक्षा ती हातभर रुंद. प्रशांत म्हणाला, "जुनी झालीय तशीही. कापा. आई आली की मी सांगतो. नवी करून मागे ठेवू."

बांबूला करवत नको, विळा पुरे. सादिकभाईंनी घरातला विळा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कापू?"

"हो."

"बाईले विचारलं?"

"प्रशांतने सांगितलंय. घर त्याचंच आहे."

"कापू ना मंग?"

मला पाच वाजेपर्यंत खोली रिकामी हवी होती. "कापा, सादिकभाई," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी पाहिलं तेव्हा मी शेड कार्डात डोकं घातलं.

आत तळाशी टोपलीभर धान होते. ते फरशीवर पसरले. ढोली उभी होती तिथे फरशी नव्हती, जुनी सारवलेली जमीन होती, गोल, गुळगुळीत, काळसर. सादिकभाई म्हणाले, "घराची बेंबी दिसून राह्यली." मला हसू आलं. फरशा चंद्रपूरहून मागवू असं मी वहीत लिहिलं.

दिवस मावळताना विमलबाई आल्या, डोक्यावर गवताचा भारा. दारात थांबल्या. भारा तसाच डोक्यावर. आधी त्या गोलाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात रचलेल्या कमच्यांकडे, मग पोराकडे. ओरडतील असं मला वाटलं, मी तयारीही केली होती, नव्या ढोलीचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी भारा खाली ठेवला आणि सादिकभाईंच्या अर्ध्या झालेल्या शोकेसकडे बोट करून विचारलं, "आन् धान कुठी ठेवाचे? याच्यात?"

त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. शोकेसला खूप कप्पे होते.

प्रशांत म्हणाला, "पोत्यात भरू ना आई. मागं ठेवू तोवर."

"पोत्यातले धान इकाचे राह्यते बापू," त्या म्हणाल्या, "ढोलीतले खाचे."

मग सूप आणि झाडणी घेऊन फरशीवर बसल्या आणि सांडलेले धान गोळा करू लागल्या. दाणा न् दाणा. फरशीच्या फटीतले नखाने काढले. जमिनीकडे बघतच म्हणाल्या, "ढोली कधी पुरी रिती नाई करत आमी. मूठभर तळाशी राह्यतेच. आन् कापाची पाळी आली तं तिले इचारून कापते. घरची बाई इचारते." एवढंच. त्यांच्याकडेच माझा मुक्काम होता. त्यांनी मला अंबाडीची भाजी आणि गरम भात वाढला आणि दोनदा विचारलं, अजून घेते का? लाज म्हणजे काय हे मला त्या ताटावर कळलं. चंद्रपूरला पळून जावं असं वाटत होतं आणि जायला एसटी नव्हती.

मंडई दहा दिवसांवर होती. शेतात धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची गंजी, रचलेलं होतं, चार-पाच दिवसांत मळणी होऊन धान घरी येणार होते. वर्षभर खायचे धान, आणि त्यांना घर नव्हतं. आणि नागपूरचे पाहुणे येणार ते बिनढोलीच्या घरात. गावात हे कळायला वेळ लागला नाही. आडून आडून कोणीतरी विचारूनही गेलं, "विमलबाई, यंदा धान झाले नाई का?" त्या प्रश्नाने प्रशांतचा चेहरा उतरला. त्याला पाहुण्यांपुढे मोठं दिसायचं होतं आणि मी त्याला गावापुढे नापिकीचा करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी सादिकभाईंबरोबर चामोर्शीच्या बाजारात गेले. तिथे टोपल्या-सुपं विकायला बसणाऱ्या गिरजाबाई ढोल्याही विणत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हात सतत चालू. त्या आल्या, तो गोल त्यांनी सुतळीने मोजला. मी टेपने मोजून वहीत लिहिलं. दोन्ही मापं जुळली याचा मला फार आनंद झाला. मग त्या हॉलमध्येच बांबू पसरायला लागल्या तशी मी धावले. पीच रंगाचा शेवटचा हात ओला होता.

"इथे नको, अंगणात विणा."

"आंगनात?" गिरजाबाईंनी हात थांबवला. "घरात नाई?"

"नाही, रंग खराब होईल."

"पक्कं ना बाई? आंगनातच?"

"हो हो, पक्कं."

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या टेपकडे पाहिलं. "बरं बापा," म्हणाल्या.

तीन दिवस त्या अंगणात विणत होत्या. ते तीन दिवस मला अजून आठवतात, कारण इतकं सुंदर काम मी तोवर पाहिलंच नव्हतं. हिरव्या बांबूचा गोड वास, कमच्यांची टकटक, आणि बाईच्या भोवती हळूहळू उभं राहणारं ते मोठं पोट. शेवटी त्या आतून विणत होत्या आणि फक्त डोक्याचा पदर वर दिसायचा. सादिकभाई शोकेस सोडून बघत बसायचे. "खिळा नाई, फेविकॉल नाई," ते स्वतःशीच म्हणायचे. एका कारागिराने दुसऱ्याला इतका मान दिलेला मी नंतर फारसा पाहिला नाही. विमलबाई शेतातून येताजाता ढोलीला हात लावायच्या, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

चौथ्या दिवशी मळणी झाली, आणि दुपारी आभाळ आलं. मार्गशीर्षात असा अवचित पाऊस येतो कधी कधी. अंगणात ताडपत्रीवर धानाचा ढीग, पश्चिमेला काळं. "ढोली आत घ्या," विमलबाई म्हणाल्या. सहा माणसांनी ढोली उचलली, दारापर्यंत आणली आणि तिथेच उभी राहिली.

ती दारातून जात नव्हती. जाणारच नव्हती. जुनी जात नव्हती म्हणून तर कापली होती. नवीचं माप त्याच गोलाचं, माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. दाराचं मापही त्याच वहीत होतं, एक पान आधी. गावात आजवर कोणी अंगणात ढोली विणून घेतली नव्हती, कारण ढोली घरात विणतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्या गळ्यात टेप लोंबत होती. ती काढून कुठे टाकावी असं मला झालं.

सादिकभाईंनी गिरजाबाईंना विचारलं, "बाई, तुमाले तं माहीत होतं?"

"होतं ना," गिरजाबाई म्हणाल्या. "दोनदा इचारलं मी. मले वाटलं शिकलेली बाई हाये, काही तरकीब असन तिच्यापाशी."

आधी कोणी हसलं नाही. मग एक बारीक आवाज आला आणि बघते तर विमलबाई. पदर तोंडाला लावून हसत होत्या, खांदे हलत होते, हसता हसता खालीच बसल्या. "तरकीब," म्हणत होत्या, "तरकीब." मग सगळे हसले. ढोली उचललेली सहा माणसं हसली आणि ढोली हलायला लागली. पाच दिवसांनी त्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं आणि ते माझ्यामुळे आलं होतं, कसं का होईना. मीही हसले, डोळे पुसत.

तेवढ्यात पहिले दोन थेंब पडले. सादिकभाईंनी दाराकडे पाहिलं. "चौकट काढली तं जाईन. हिरवा बांबू हाये, थोडा दबते." ती चौकट, सागवानी, वेलीची. बसवून दोन दिवसही झाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काढू?"

मी म्हटलं, "विमलबाईंना विचारा."

ते वळले. "काढू, बाई?"

"काढ ना."

"काढू ना?"

"काढ बापा, धान भिजून राह्यले."

तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं पाहिलं, विमलबाईंनी मान हलवली, आणि पंधरा दिवसांची मेहनत दहा मिनिटांत भिंतीतून बाहेर आली. ढोली दाबत, तिरपी करत आत ढकलली. पीच भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब ओरखडा उठला. मागच्या खोलीचं दार तर आणखी अरुंद, तिकडे न्यायचा विचारही कोणी केला नाही. ढोली गेली ती थेट मधोमध, आपल्या गोलावर जाऊन बसली. बोटभरही कमी-जास्त नाही. आत तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, पसरलं. विमलबाईंनी कुंकू लावलं, सुपात राखून ठेवलेले जुन्या ढोलीतले धान तळाशी टाकले, आणि आम्ही टोपल्यांची रांग लावली. मी होते, प्रशांत होता, सादिकभाई होते, शेजारपाजारचे होते. माझ्या केसांत, कानांत, ब्लाउजमध्ये धानाची कुसळं गेली. पाऊस जोरात आला तेव्हा अंगणात फक्त ताडपत्री उरली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या हॉलमध्ये बसून विमलबाईंनी ढोली शेणमातीने सारवली. बादली मी धरली होती. फरशीवर शिंतोडे उडत होते आणि मला काही वाटत नव्हतं. मी ओरखड्यावर रंगाचा हात मारू का विचारलं. "राहू दे," म्हणाल्या. त्यांनी पांढरी माती कालवली आणि त्या लांब ओरखड्यालाच देठ धरून बोटाने बाजूला दाणे काढत गेल्या. भिंतभर आडवी, जराशी वाकलेली धानाची लोंबी. दहा मिनिटं लागली असतील. मी दोन वर्षं नागपुरात फी भरून जे शिकले त्यात हे नव्हतं.

मंडईला पाहुणे आले. एल आकाराचा सोफा मावला नाही, सरळच ठेवला. मुलीची आई शोकेसकडे बघून चांगला आहे म्हणाली, ते बोलायचं म्हणून. मुलीचे वडील मूळचे ब्रह्मपुरीकडचे निघाले. ते चहा झाल्यावर उठले, ढोलीजवळ गेले, बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं. भरलेल्या ढोलीचा आवाज जड येतो. मग येऊन बसले आणि बायकोकडे बघून हसले. मुलीने, माधुरीने, एकच विचारलं, "ही लोंबी कोणी काढली?" विमलबाई म्हणाल्या, "मॅडमनं अन् मी मिळून काढली. तिनं देठ काढला, मी दाने काढले."

या सगळ्यातून मी काय शिकले ते मला कुठल्या नियमात सांगता येत नाही. एवढं खरं की तेव्हापासून नव्या घरी गेले की मी टेप पर्समध्येच ठेवते आणि आधी विचारते, तुमच्या घरात कोणत्या महिन्यात काय येतं? लोक आधी गोंधळतात. मग सांगायला लागले की थांबत नाहीत. चैतात मोहफुलं वाळवायची असतात. मिरची येते. लाखोळीची डाळ येते. भामरागडला एका नर्सबाईंचं क्वार्टर केलं तेव्हा मी कॅटलॉग उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मॅडम, पावसाळ्यात रस्ता बंद होते. मले तीन महिन्याचं सामान ठेवाले जागा पाह्यजे, बाकी तुमाले वाटन ते करा." त्या घरात मी भिंतभर मांडण्या केल्या, वरच्या फळीवर तेलाचे डबे, खाली तांदूळ, मध्ये एकच मोकळा कोनाडा. तिथे त्यांनी रेडिओ ठेवला. माझ्या कामांत मला ते घर अजून आवडतं.

आणि सादिकभाईंच्या स्वतःच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा चकितच झाले. शहरभर लोकांचे सोफे करणाऱ्या माणसाच्या बैठकीत एक खुर्ची नाही. नुसती सतरंजी. मी चिडवलं तर म्हणाले, "रमजानमंधी रोज पंधरा-वीस माणसं बसते इथी. खुर्च्या केल्या तं माणसं कुठी बसवू?" मग त्यांच्या बायकोने चहा आणला आणि आम्ही भिंतीला टेकून प्यायलो. पाठीला ती भिंत थंडगार लागत होती.

तर गेल्या आठवड्यात मी गेले. सादिकभाईंना गाडीत घेऊन गेले. आता हात थरथरतात त्यांचे, करवत मुलगा चालवतो, पण ढोली म्हटल्यावर टोपी घालून तयार होऊन दारात उभे होते. विमलबाई वाकल्या आहेत. शोकेस आहे, त्याच्या कप्प्यांत भोपळ्याच्या, वालाच्या बियांच्या बाटल्या आहेत आणि मान डोलवणाऱ्या बाहुलीला माधुरीच्या पोरीने कागदाचा फेटा घातला आहे. चौकट आहे, वेलीचं एक पान त्या दिवशी तुटलं ते तसंच. लोंबी दर दिवाळीला नव्याने पांढरी होते, आता माधुरी काढते. माधुरीने सांगितलं, "बांबूला भुंगा लागला मॅडम, खालून पीठ पडायला लागलं. नवीच विणायची म्हटलं." गिरजाबाई राहिल्या नाहीत. त्यांची सून आली होती. तिने हॉलमध्ये, ढोलीच्या बाजूला, फरशीवर जुनी साडी पसरून हिरवे बांबू मांडून ठेवले होते. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "आंगनात नाई बसत बरं मी." सगळं गाव अजून ती गोष्ट सांगतं म्हणायचं.

विमलबाईंनी बोळा काढला. तळाशी राखलेले धान मुठीने सुपात घेतले, त्यातले थोडे माझ्या ओटीत घातले. ढोलीला कुंकू लावलं. मला वाटलं आता त्या विचारतील आणि सादिकभाईंचा मुलगा कापेल. मी बाजूला सरकले. त्यांनी कमरेला खोचलेला विळा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मी?" मी म्हटलं. "घरची बाई विचारते ना?"

"मंग?" विमलबाई म्हणाल्या. "धर. यावेळी इचारून काप."

सादिकभाई दारात, त्या चौकटीला टेकून उभे होते. तिसऱ्यांदा बघतात तसं बघत होते. मी विळा घेतला, पायातल्या चपला काढल्या, त्या सारवलेल्या मोठ्या पोटावर तळहात ठेवला आणि विचारलं.